लाकडी घर बांधताना: परवानगी, लाकूड आणि पाऊस

प्रश्न : दापोली तालुक्यात गावठाणाला लागून आमची आठ गुंठे वडिलोपार्जित जमीन आहे. तिथे १५ बाय २० फुटांचं लाकडी घर स्वतः उभारायचं आहे, फक्त जोतं चिऱ्याचं. लाकडी घर सुटं करून हलवता येतं, म्हणून परवानगी लागत नाही असं गावात सांगतात. खरं आहे का?

नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ जमिनीवरच्या कुठल्याही बांधकामाला ‘विकास’ मानतो. भिंत चिऱ्याची की सागाची, हे तो विचारत नाही. विनापरवाना बांधलंत तर कलम ५३ खाली पाडण्याची नोटीस येऊ शकते, आणि स्वतःच्या हातांनी उभारलेलं घर स्वतःच उतरवण्याची वेळ येते.

आराखडा काढण्याआधी सातबारा नीट वाचा. कोकणात प्रस्ताव अडकतात ते बहुतेक इथेच. आजोबांच्या नावापुढे मुंबई-पुण्यातले दहा-बारा सहहिस्सेदार असतात, त्यातले काही हयात नसतात आणि वारसनोंद झालेली नसते. एकतर वाटणीचा फेरफार करून घ्या, नाहीतर सगळ्यांची लेखी, नोटरी केलेली संमती जोडा. ‘इतर हक्क’ या रकान्यात कुळाची नोंद किंवा कूळकायद्याच्या कलम ४३ ची (परवानगीशिवाय जमीन हस्तांतरित न करण्याची) अट दिसली, किंवा जमीन भोगवटादार वर्ग २ ची, म्हणजे सरकारी अटींनी बांधलेली निघाली, तर आधी तहसील कार्यालय गाठा. शेवटी भूमी अभिलेख खात्याकडून मोजणी करून हद्दीचे दगड पक्के करा. गडग्याला, म्हणजे रचलेल्या दगडांच्या कुंपणाला, हद्द समजून बांधलेली घरं पुढे वादात सापडतात.

जमीन गावठाणाच्या आत असेल तर अर्ज ग्रामपंचायतीकडे. भूखंड १५० चौरस मीटरपर्यंतचा असेल तर मालकीचे कागद, नकाशे, परवानाधारक अभियंत्याचा दाखला आणि शुल्काची पावती सादर केली की काम सुरू करता येतं. १५० ते ३०० चौरस मीटरच्या भूखंडाला छोट्या मुदतीत रीतसर परवानगी मिळते. या मर्यादा भूखंडाच्या आहेत, घराच्या नव्हेत. इथे लोक हमखास गल्लत करतात.

तुमची जमीन गावठाणाला ‘लागून’ आहे, म्हणजे बाहेर आहे. हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीला जमीन महसूल संहितेच्या कलम ४२-ड चा उपयोग होत आला आहे, सध्याची तरतूद तहसील कार्यालयात विचारून घ्या. त्या कलमाखाली रूपांतर कर आणि बिनशेती आकार भरला की जमीन निवासी वापरासाठी बिनशेती झाल्याचं धरत. बांधकाम परवानगी मात्र त्यानंतरही वेगळी घ्यावी लागते. त्यासाठी नगररचना विभागाचा झोन दाखला (जमीन कुठल्या वापराच्या पट्ट्यात आहे ते सांगणारा) काढा. शेतघर म्हणून दाखवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. त्याला किमान ०.४ हेक्टर, म्हणजे चाळीस गुंठे लागतात, तुमच्याकडे आठच आहेत.

नकाशावर सही परवानाधारक अभियंत्याची किंवा वास्तुविशारदाचीच लागते. घर स्वतः बांधणार असलात तरी ही सही विकतच घ्यावी लागते. त्यांच्याकडून लाकडी सांगाड्याचं गणित भारतीय मानक ८८३ प्रमाणे करून घ्या. लाकडी घराच्या फाइली फार येत नाहीत, त्यामुळे हे दोन-तीन पानांचं गणित जोडलेलं असलं की शंका कमी निघतात. आणखी एक जागा सांभाळा. नॅशनल बिल्डिंग कोडप्रमाणे उतरत्या छपराखालच्या खोलीची सरासरी उंची २.७५ मीटर आणि वळचणीकडची किमान २.१ मीटर हवी. जुन्या घरांसारखी खाली आणलेली वळचण देखणी दिसते, पण ती खोलीवर न आणता पडवीवर आणा. परवानगी मिळाल्यावर जोतं झालं की जोते-तपासणी आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र, दोन्ही विसरू नका.

प्रश्न : वेंगुर्ल्याजवळ समुद्रापासून साधारण १५० मीटरवर आमची माडांची बाग आहे. घर छोटं आणि लाकडी आहे, मग सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्राचा नियम) आडवा येईल का?

येईल. २०१९ च्या अधिसूचनेनुसार ग्रामीण किनारा सीआरझेड-३ मध्ये मोडतो. लोकसंख्येची घनता चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त (२०११ ची जनगणना) असेल तर भरतीरेषेपासून ५० मीटर, नाहीतर २०० मीटर ना-विकास क्षेत्र. कोकणातली बहुतेक गावं दुसऱ्या गटात बसतात, म्हणजे १५० मीटरवर नवं घर होणार नाही. तिथे जुनं अधिकृत घर असेल तर त्याच जोत्यावर, तेवढ्याच क्षेत्राचं पुन्हा बांधता येतं. त्यासाठी ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मधली (घरपट्टीच्या आकारणी यादीतली) जुनी नोंद जपून ठेवा.

मात्र १५० हा आकडा डोळ्यांनी मोजलेला असेल तर त्यावर निर्णय घेऊ नका. भरतीरेषा ही वाळूवरची ओली खूण नव्हे. ती किनारा व्यवस्थापन आराखड्यावर आखलेली असते, आणि त्यात तुमचा सर्वे नंबर शोधावा लागतो. खाडीकाठाला ना-विकास क्षेत्राचं अंतर ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यातलं जे कमी ते. हजार चौरस मीटरपेक्षा मोठं कांदळवन शेजारी असेल तर त्याभोवतीचे ५० मीटरही सोडावे लागतात. ना-विकास क्षेत्राबाहेर, पण सीआरझेडच्या आत, स्वतः राहण्यासाठीच्या ३०० चौरस मीटरपर्यंतच्या घराला स्थानिक प्राधिकरणच मंजुरी देऊ शकतं.

प्रश्न : परसातले दोन फणस आणि एक ऐन तोडून घर करायचं आहे. स्वतःच्या झाडांना कसली परवानगी?

फणस, ऐन, किंजळ, आंबा, जांभूळ, साग ही सगळी १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) कायद्याच्या यादीत आहेत. झाड स्वतःचं असलं तरी तोडीची परवानगी वनक्षेत्रपालांच्या कार्यालयातून घ्यायची, आणि ओंडका सॉ मिलला नेण्यापूर्वी वाहतूक पास. पास नसेल तर गाडीसकट माल अडकतो.

निवड चांगली आहे. खांब, तुळया आणि वाशांना ऐन, दारं-खिडक्या आणि फळ्यांना फणस. वापरायचा तो गाभाच. बाहेरचं फिकट लाकूड भुंगेऱ्याचं आवडतं खाद्य आहे, ते सॉ मिलमध्येच काढून टाका. फणसाचा पिवळा गाभा वाळवीला बऱ्यापैकी दाद देत नाही. आंबा सांगाड्यात नकोच.

तोड थंडीत करा. चिरलेला माल छपराखाली, जमिनीपासून फूटभर वर, थरांमध्ये दर दोन फुटांवर इंचाच्या रिपा (लाकडी पट्ट्या) घालून रचा आणि टोकांना ऑइलपेंट फासा, म्हणजे उभ्या चिरा पडत नाहीत. इंची फळीला तीन-चार महिने लागतात, खांब-तुळयांना वर्ष. कोकणच्या दमट हवेत लाकूड देशावरच्याइतकं कोरडं होत नाही. दारं-खिडक्यांचा माल १४ ते १६ टक्के ओलाव्याला आला की सुताराकडे द्या. त्याआधी केलेली दारं पावसाळ्यात फुगतात आणि मे महिन्यात त्यांच्या सांध्यांना फटी पडतात. वर्षभर लाकूड वाळतं, तेवढ्या काळात सातबारा, मोजणी आणि परवानगीही होऊन जाते. दोन्ही कामं एकदमच सुरू करा. एक संपल्यावर दुसरं धरलं तर हकनाक दोन पावसाळे जातात.

प्रश्न : १५ बाय २० फुटांच्या घराला लाकूड आणि कौलं किती लागतील?

दोन पाखी छप्पर, ३० अंश उतार, वळचण तीन फूट बाहेर, दोन्ही टोकांना छप्पर दोन फूट पुढे, असं धरलं आहे.

५ बाय ५ इंची, ९ फुटांचे १२ खांब : १९ घनफूट. ४ बाय ६ इंची पाटई (खांबांवरची, वासे टेकतात ती आडवी तुळई), आढं आणि आडव्या तुळया मिळून १३५ फूट : साडेबावीस. २ बाय ४ इंची, सव्वाबारा फुटांचे ३४ वासे, दीड-दीड फुटावर : २३. २ बाय १ इंची रिपा ६२५ फूट : पावणेनऊ. एकूण ७३, तुटीसह ८३ घनफूट. हा चिरलेला माल झाला. ओंडक्यातून चिरताना तिसरा हिस्सा ते चाळीस टक्के भुसा आणि साल म्हणून जातं, तेव्हा ओंडका १३० घनफुटांच्या आसपास हवा. भिंतींच्या फळ्या, दारं, माळा यात धरलेले नाहीत.

मंगलोरी कौलं शंभर चौरस फुटांना १४५ ते १५०. छप्पर ५८० चौरस फूट भरतं, म्हणून फुटतुटीसह ९५० घ्या. आढ्याची कौलं वेगळी. रिपांमधलं अंतर आलेल्या कौलांवरूनच ठरवा. साडेबारा इंच हा अंदाज आहे, पण प्रत्येक कारखान्याच्या कौलाचा खाचा थोडा वेगळा असतो.

प्रश्न : वाळवी आणि वादळ, या दोन्हींना लाकडी घर टिकेल का?

तपशील नीट केले तर टिकतं. कोकणातली जुनी माडीची घरं आजही उभी आहेतच. खांब कधीही जमिनीत पुरू नका आणि काँक्रीटमध्येही रोवू नका. तळाशी साचलेलं पाणी आधी खांबाचा पाय कुजवतं. जोतं किमान दीड फूट ठेवा, त्यावर लोखंडी बूट (खांबाचा पाय धरणारी बैठक) बसवा आणि खांब त्यात जोत्यापासून दोन इंच वर धरा. बुटाखाली गॅल्व्हनाइज्ड पत्र्याची, कडा खाली वळवलेली चकती घाला. वाळवीला मग चिखलाची नळी उघड्यावर बांधावी लागते आणि ती झाडूने पाडता येते. जोत्यातल्या भरावावर क्लोरपायरिफॉस (२० टक्के) एक भाग आणि पाणी १९ भाग, चौरस मीटरला पाच लिटर. विहीर जवळ असेल तर हे औषध टाळा आणि पत्र्यावर भर द्या. बोरॅक्स-बोरिकचं द्रावण छपराखालच्या लाकडालाच लावा, झडीच्या पाण्यात ते धुऊन जातं. नैऋत्येच्या झडीसाठी त्या बाजूची भिंत खिडकीच्या उंबऱ्यापर्यंत चिऱ्याची, वर लाकूड, हाच सर्वांत निवांत तोडगा.

वादळाचं म्हणाल तर ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा छपरांचीच सर्वांत जास्त हानी झाली. भारतीय मानक ८७५ प्रमाणे कोकण किनाऱ्याचा बराच भाग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी १४० किलोमीटर वाऱ्याच्या पट्ट्यात येतो. अशा वाऱ्यात कोपऱ्यांवर आणि वळचणीला छपराला बसणारी वरची ओढ कौलांच्या वजनापेक्षाही जास्त होऊ शकते. म्हणून वासा पाटईला नुसता खिळ्याने ठोकू नका. प्रत्येक वाशाला धातूची पट्टी मारून ती पाटईवरून खांबापर्यंत उतरवा, आणि खांब बोल्टाने बुटाला बांधा. कडेच्या दोन ओळी आणि आढ्याजवळची एक ओळ कौलं तारेने रिपेला बांधा. खांब आणि तुळईमध्ये तिरके आधार चारी बाजूंना हवेत, नाहीतर सांगाडा एका अंगाला कलतो.

खिळे-बोल्ट समुद्राजवळ ३१६ प्रतीच्या स्टेनलेसचे घ्या. ऐनात टॅनिन (तुरट, आम्लधर्मी द्रव्य) भरपूर असतं, साधं लोखंड त्यात काळं पडून वर्षागणिक झिजतं.