हंगाम संपल्यावर बेसबॉलवाले चार महिने बोलतात तरी काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेत नवीनच आलोय, बेसबॉलचा हंगाम संपला तरी ऑफिसातले लोक जेवताना कोण कुठल्या संघात गेला, कुणाला किती मिळाले आणि वीस वर्षांपूर्वीचा कुठला तरी सामना, एवढंच बोलतात. यात एवढं काय असतं? आणि नवख्या माणसाने निदान एखादा जुना सामना माहीत करून घ्यायचा तर कुठला?

2003 च्या ऑगस्टमध्ये मी बोस्टनजवळ वॉल्थमला नोकरीला लागलो, तेव्हा मलाही हेच पडलं होतं. शेजारच्या टेबलावर साठीकडे झुकलेले एक आयरिश वळणाचे गृहस्थ बसायचे. त्यांना मी हा प्रश्न विचारला आणि ते उत्तर द्यायला लागले. मी 2011 साली ती नोकरी सोडली तेव्हाही त्यांचं उत्तर संपलेलं नव्हतं.

आधी हिवाळ्याचा हिशेब सांगतो. आपल्याला सवय आयपीएलच्या लिलावाची. दोन दिवस टीव्हीसमोर बसायचं, हातोडा पडला की विषय मिटला. बेसबॉलमध्ये लिलाव नाही. वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेता ठरवणारी अंतिम मालिका, ऑक्टोबरच्या शेवटी किंवा नोव्हेंबरच्या पहिल्या दिवसांत संपते आणि सरावाची शिबिरं भरतात फेब्रुवारीच्या मध्यावर. मधला सगळा काळ बाजार उघडा. मेजर लीगमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, सहा वर्षं भरलेला आणि करार संपलेला खेळाडू ‘फ्री एजंट’ होतो, म्हणजे जो जास्त देईल त्याच्याकडे जायला मोकळा. बाकीच्यांची होते अदलाबदल. दोन संघ परस्पर बोलणी करून खेळाडू बदलून घेतात आणि बहुतेक वेळा ज्याची बदली होते त्याला कुणी विचारतही नाही. (मेजर लीगमध्ये दहा वर्षं आणि त्यातली शेवटची पाच एकाच संघात काढली असतील तर मात्र त्याला नाही म्हणता येतं.) कधी कधी तर ‘हा खेळाडू आत्ता द्या, बदल्यात कोण ते नंतर ठरवू’ असाही सौदा होतो. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा ते गृहस्थ थट्टा करताहेत असंच वाटलं होतं.

शिवाय आयपीएलसारखी खर्चाला पक्की मर्यादा नाही. ठरावीक रकमेपुढे गेलात तर कर भरा, बाकी तुमची ऐपत. म्हणून डिसेंबर 2023 मध्ये शोहेई ओहतानीला लॉस एंजेलिसच्या डॉजर्सनी दहा वर्षांसाठी 70 कोटी डॉलर कबूल केले आणि त्यातले 68 कोटी 2034 पासून पुढे द्यायचे ठरले. वर्षभराने न्यूयॉर्क मेट्सनी हुआन सोटोला पंधरा वर्षांचे 76.5 कोटी दिले. या गप्पांना इथे ‘हॉट स्टोव्ह’ म्हणतात. पूर्वी थंडीत दुकानातल्या शेगडीभोवती बसून लोक हेच चघळायचे, त्यावरून ते नाव पडलं. आपल्या पारावरच्या गप्पा समजा, फक्त बाहेर बर्फ.

पण खरी गोम आकड्यांत नाही. हिवाळ्यातली खरेदी आणि ऑक्टोबरातला थरार हे दोन वेगळे विषय आहेत असं तुम्हाला वाटतंय, मलाही वाटायचं. ते एकाच धाग्याचे आहेत. त्यासाठी बोस्टन रेड सॉक्सची गोष्ट सांगावी लागेल. मी तिथे होतो म्हणून माझं माप थोडं झुकतं असेल, ते धरून चाला.

16 ऑक्टोबर 2003. न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये सात सामन्यांच्या मालिकेतला सातवा, रेड सॉक्स विरुद्ध यांकीज, जिंकेल तो वर्ल्ड सिरीजला. रेड सॉक्स शेवटचे जिंकले होते 1918 मध्ये, आणि पुढे त्यांनी बेब रूथ या दिग्गज खेळाडूला यांकीजना विकलं. तेव्हापासून रिकामे हात. नऊपैकी आठव्या इनिंगमध्ये (डावात) बोस्टन 5-2 ने पुढे. पिचर (चेंडू टाकणारा) पेड्रो मार्टिनेझ, त्या काळातला सर्वोत्तम म्हणावा असा, पण शंभरावर चेंडू टाकून दमलेला. मॅनेजर (आपल्याकडचा कोच समजा) ग्रेडी लिटल मैदानात गेला, पेड्रोशी दोन शब्द बोलला आणि त्याला तसाच ठेवून परत आला. आमच्या ऑफिसातल्या मंडळींनी त्या क्षणी डोक्याला हात लावला असणार. पुढच्या दोन बॅटरांनी दोन डबल (एका फटक्यात दुसऱ्या बेसपर्यंत, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या दुसऱ्या थांब्यापर्यंत) मारले, 5-5. बरोबरीमुळे लांबलेल्या अकराव्या इनिंगमध्ये आरन बून नावाच्या यांकीजच्या खेळाडूने पहिल्याच चेंडूवर होम रन (आपला षटकार समजा) मारून सामना संपवला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात सुतकी शांतता होती. मी कँटीनमध्ये ‘नेक्स्ट इयर’ असं काहीतरी पुटपुटलो, तर माझ्याकडे असं पाहिलं गेलं की पुढे महिनाभर मी त्या विषयावर तोंड उघडलं नाही.

ही जखम कसली ते कळायला आपल्याकडचं उदाहरण घ्या. एप्रिल 1986, शारजा, शेवटचा चेंडू, चेतन शर्माचा फुलटॉस आणि मियाँदादचा षटकार. बोस्टनवाल्यांचं शारजा त्याच वर्षी ऑक्टोबरात झालं. वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना, मेट्सविरुद्ध, आणि बोस्टनच्या बिल बकनरच्या पायांमधून घरंगळत गेलेला साधा चेंडू. चेतन शर्माने पुढच्याच वर्षी विश्वचषकात हॅटट्रिक घेतली तरी लोकांनी त्याला तो षटकार कधी विसरू दिला नाही, बकनरचंही तेच. मजा म्हणजे तो चेंडू सुटला तेव्हा सामना आधीच बरोबरीत आलेला होता, आणि तो सुटल्यावरही सातवा सामना शिल्लक होता. पण हे कोण लक्षात ठेवतो? 2008 मध्ये बकनर बोस्टनच्या फेनवे पार्कवर, घरच्या मैदानावरच्या हंगामातल्या पहिल्या सामन्याला, मानाचा पहिला चेंडू टाकायला आला आणि सगळं मैदान उभं राहिलं. आमचे गृहस्थ ते टीव्हीवर बघत होते म्हणे, आणि रडलो नाही असं त्यांनी स्वतःहून, कुणी न विचारता सांगितलं.

आता 2003-04 चा हिवाळा. ग्रेडी लिटलला नारळ मिळाला. रेड सॉक्सचा जनरल मॅनेजर (खेळाडूंची खरेदी-अदलाबदल बघणारा) होता थिओ एपस्टीन, नेमणूक झाली तेव्हा वय वर्षं 28. तो थँक्सगिव्हिंगच्या दिवशी ॲरिझोनात कर्ट शिलिंग या पिचरच्या घरी जेवायला गेला आणि त्याला बोस्टनला यायला राजी करून आला. नंतर सामना शेवटाला नेणारा पिचर म्हणून कीथ फोकला घेतलं. या दोघांनी चाहत्यांचं पोट भरेना, कारण सगळ्यांचे डोळे ॲलेक्स रॉड्रिग्झवर होते. त्याचा टेक्सासशी दहा वर्षांचा 25.2 कोटींचा करार होता, तेव्हाचा सगळ्यात मोठा. बोस्टनशी सौदा जवळजवळ पक्का झाला. रॉड्रिग्झ स्वतःचा मोबदला कमी करून यायला तयार होता, पण तसा पायंडा पडू नये म्हणून खेळाडूंच्या संघटनेने ते अडवलं आणि डिसेंबरात सौदा फिसकटला.

पुढचं ऐका. जानेवारीत तोच आरन बून, ज्याने बोस्टनला रडवलं होतं, सहज म्हणून बास्केटबॉल खेळायला गेला आणि गुडघ्याचा लिगामेंट तुटला. करारात बास्केटबॉल खेळायची बंदी होती. यांकीजना बूनच्या जागी तिसऱ्या बेसवर माणूस हवा झाला, आणि फेब्रुवारीत त्यांनी रॉड्रिग्झलाच उचललं. एका माणसाच्या गुडघ्यामुळे बोस्टनच्या हातातोंडाशी आलेला घास न्यूयॉर्कच्या ताटात. ऑफिसातला तो फेब्रुवारी मला ऑक्टोबरपेक्षा वाईट आठवतो. (आणि हाच बून 2018 पासून यांकीजचा मॅनेजर आहे.)

ऑक्टोबर 2004. पुन्हा तीच मालिका, तेच दोन संघ. यांकीज 3-0 ने पुढे, तिसरा सामना तर 19-8. मेजर लीगमध्ये सात सामन्यांच्या मालिकेत 0-3 वरून तोवर कुणी जिंकलं नव्हतं. 17 तारखेच्या रविवारी रात्री फेनवे पार्कवर चौथा सामना, नवव्या इनिंगचा उत्तरार्ध, म्हणजे बोस्टनची शेवटची बॅटिंग, यांकीज 4-3 ने पुढे आणि पिचर मारियानो रिव्हेरा. त्याच्याविरुद्ध अशा वेळी धावा निघत नाहीत, हे तेव्हा लहान पोरांनाही पाठ होतं.

त्या इनिंगमधली माणसं एकेक करून बघा. पहिला केव्हिन मिलार. तो 2003 च्या सुरुवातीला जपानमधल्या एका क्लबला विकला गेला होता, विमानात बसायचंच बाकी होतं. बोस्टनने अलिखित संकेत मोडून मध्येच हक्क सांगितला आणि त्याला ठेवून घेतलं. त्याला वॉक मिळाला, म्हणजे न मारता पहिला बेस. त्याच्या जागी पळायला आला डेव्ह रॉबर्ट्स. त्याला 31 जुलैला, अदलाबदलीच्या शेवटच्या दिवशी, हेन्री स्टॅनली नावाच्या खालच्या लीगमधल्या खेळाडूच्या बदल्यात आणलं होतं. त्या दिवशी बोस्टनचा लाडका नोमार गार्सियापारा शिकागोला पाठवला गेला होता, त्या आरडाओरड्यात रॉबर्ट्सकडे कुणाचं लक्षच नव्हतं. स्टॅनलीला मेजर लीगमध्ये कधी खेळायलाच मिळालं नाही.

रॉबर्ट्स दुसरा बेस चोरणार (चेंडू मारला जायची वाट न बघता तिकडे पळणार) हे मैदानातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. रिव्हेरालाही. त्याने रॉबर्ट्सला बाद करायला पहिल्या बेसकडे लागोपाठ तीनदा चेंडू फेकला. मग बॅटरला पहिला चेंडू टाकला आणि रॉबर्ट्स सुटला. बॅटरमागच्या कॅचरची फेक चांगली होती, रॉबर्ट्सचा हात काही इंच आधी पोचला. त्यानंतर बिल मिलर (स्पेलिंग म्युलरसारखं, उच्चार मिलर, वर मिलार, खाली मिलर, माझा पहिल्या वर्षी यात फार गोंधळ व्हायचा) याने मधून फटका मारला आणि 4-4. हाही 2003 च्या जानेवारीत स्वस्तात घेतलेला. आणि बाराव्या इनिंगमध्ये रात्री सव्वा वाजून गेल्यावर होम रन मारून सामना कुणी संपवला? डेव्हिड ऑर्टिझने. त्याला डिसेंबर 2002 मध्ये मिनेसोटाने चक्क सोडून दिलं होतं आणि महिनाभराने बोस्टनने 12.5 लाख डॉलरवर ठेवलं होतं. त्याहूनही आधी, 1996 मध्ये, हाच ऑर्टिझ सिॲटलहून मिनेसोटाला गेला तो वर सांगितलेल्या ‘नाव नंतर कळवू’ प्रकारात.

म्हणजे आख्खा हिवाळा ज्याच्यासाठी उसासे टाकले तो रॉड्रिग्झ समोरच्या संघात उभा, आणि सामना वाचवला तो कुणीतरी नाकारलेल्या, कुणीतरी फेकून दिलेल्या, पेपरात चार ओळींत आलेल्या माणसांनी. तुमच्या ऑफिसातले लोक जानेवारीत कुठल्या तरी अनोळखी खेळाडूच्या सौद्यावर अर्धा तास वाद घालताना दिसले तर त्यांना हसू नका. त्यातल्या प्रत्येकाला वाटत असतं की हाच आपला रॉबर्ट्स. शंभरातले नव्याण्णव नसतात.

पुढचं भराभर सांगतो, कारण ते कुणीही सांगेल. पाचवा सामना चौदा इनिंग, पुन्हा ऑर्टिझ. सहाव्यात शिलिंगच्या घोट्याची कंडरा (टेंडन) डॉक्टरांनी टाके घालून जागेवर बसवलेली आणि मोज्यावर रक्त. सातवा 10-3. 0-3 वरून मालिका जिंकणारा मेजर लीगमधला तो आजही एकमेव संघ.

रॉबर्ट्सला मात्र त्याच डिसेंबरात सॅन डिएगोला पाठवून दिलं. त्या मालिकेत त्याने एकदाही बॅटिंग केली नव्हती. आता तो डॉजर्सचा मॅनेजर आहे. 2020 च्या फेब्रुवारीत बोस्टनने मूकी बेट्ससारखा खेळाडू डॉजर्सना दिला आणि त्याच वर्षी रॉबर्ट्सने त्याच्या साथीने वर्ल्ड सिरीज जिंकली. या व्यवहाराचं समर्थन मी अजूनपर्यंत एकाही बोस्टनवाल्याच्या तोंडून ऐकलेलं नाही, आणि माझंही मत विचाराल तर पैसे वाचवण्याचा याहून करंटा प्रकार मी पाहिला नाही.

वर्ल्ड सिरीजचा शेवटचा सामना 27 ऑक्टोबर 2004 ला होता, बुधवारी, सेंट लुइसमध्ये. त्या रात्री कोजागिरी होती. आम्ही तीन मराठी घरं आमच्या अपार्टमेंटमध्ये जमलो होतो, गॅसवर मसाला दूध आटत होतं. त्याच रात्री खग्रास चंद्रग्रहण. टीव्हीवर मधूनमधून तो तांबूस चंद्र दाखवत होते. पावणेबाराच्या सुमाराला फोकने शेवटचा चेंडू अडवून पहिल्या बेसकडे दिला, 3-0, आणि 86 वर्षं संपली. मी कॉलिंग कार्ड काढून आईला फोन लावला, तिकडे सकाळ झालेली. धापा टाकत सगळं सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, “ते असू दे. तिकडे ग्रहण लागलंय ना? मग सुटेपर्यंत दूध घेऊ नका कुणी.”

ग्रहण सुटलं एकच्या सुमाराला. तोवर खाली रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न चालूच होते. दूध पुन्हा गरम केलं, प्यायलो, झोपलो. सकाळी ऑफिसात गेलो तर ते गृहस्थ लाल डोळ्यांनी कॉफी मशीनपाशी उभे, समोर दोघं-तिघं. मला वाटलं कालच्याच गप्पा. जवळ गेलो तर विषय होता, पेड्रोचा करार संपलाय, त्याला तीन वर्षं द्यायची की चार.