स्पॅनिश येत नाही, तरी चिकानो कवितावाचनाला जावं का? इथल्या लॅटिनो लेखकांना पाठबळ कसं द्यावं?

तुम्ही लिहिलंय की ह्यूस्टनला नव्याने राहायला आलात, जवळच्या वाचनालयात चिकानो कवितावाचनाची पाटी पाहिली, पण स्पॅनिशचा गंध नाही. जाऊन काही कळेल का, आणि इथल्या लेखकांसाठी आपल्यासारख्याने काय करावं, असा तुमचा प्रश्न आहे. मी बरीच वर्षं याच शहरात राहतो आणि अशा वाचनांना आवडीने जातो, म्हणून सविस्तर लिहितो.

जरूर जा. बहुतेक कविता इंग्रजीत असतात. मध्येच दोन ओळी स्पॅनिशमध्ये जातात आणि परत येतात. कवी थांबून अर्थ सांगत बसत नाहीत, आणि तसं त्यांनी करूही नये. घरात मराठी बोलता बोलता आपण अर्धं वाक्य इंग्रजीत टाकतो, तेव्हा आपण तरी कुठे थांबतो?

चिकानो म्हणजे मेक्सिकन वंशाचे अमेरिकन. त्यांच्यातल्या अनेकांचे पूर्वज कुठून आलेलेच नाहीत. १८४८च्या ग्वादालुपे इदाल्गोच्या तहानंतर मेक्सिकोचा जवळपास अर्धा मुलूख अमेरिकेच्या हाती गेला. माणसं आपापल्या गावातच होती, सीमारेषा त्यांच्यावरून सरकली. टेक्सासात राहताना हे डोक्यात ठेवा, म्हणजे 'हे लोक इथे आले कधी' असा प्रश्न तोंडून निघणार नाही. आणखी एक गोष्ट. ह्यूस्टनमध्ये एल साल्वादोर, होंडुरास, कोलंबियाचेही खूप लोक आहेत. ते लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाचे, आहेत, चिकानो नाहीत. स्वतःला चिकानो म्हणवून घेण्यात एक राजकीय भूमिका असते, त्यामुळे सगळे मेक्सिकन-अमेरिकनही ते नाव लावत नाहीत.

ही कविता मोठ्याने म्हणण्यासाठीच वाढली. १९६५मध्ये कॅलिफोर्नियात डेलानोच्या द्राक्षमळ्यांतल्या मजुरांचा संप सुरू झाला. सेझर चावेझ आणि डोलोरेस वेर्ता या शेतमजूर नेत्यांची नावं तुम्ही ऐकली असतील. त्या संपात लुईस वाल्देझ यांची नाटकमंडळी ट्रकच्या हौद्यावर उभी राहून मजुरांसमोर छोटी प्रहसनं करायची. आपल्याकडचे आंबेडकरी जलसे ज्यांना माहीत आहेत, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. दोनच वर्षांनी, १९६७मध्ये, डेन्व्हरच्या रोडोल्फो 'कॉर्की' गोन्झालेस यांची 'आय ॲम होआकिन' ही दीर्घकविता आली आणि सभांमधून, मोर्चांमधून वाचली जाऊ लागली. म्हणून म्हणतो, पुस्तक नंतर उघडा, आधी ऐका.

नंतर एक छोटी कविता मात्र नक्की शोधून वाचा: एल पासोच्या पॅट मोरा यांची 'लीगल एलियन'. १९८४च्या त्यांच्या पहिल्या संग्रहात ती आहे. दोन्ही भाषा लीलया बोलणारी, ऑफिसात सफाईदार इंग्रजीत मेमो लिहिणारी आणि हॉटेलात अस्खलित स्पॅनिशमध्ये जेवण मागवणारी एक बाई. मेक्सिकनांच्या लेखी ती अमेरिकन, अमेरिकनांच्या लेखी मेक्सिकन. दोन्हीकडून जोखली जाण्याची अस्वस्थता ती हसून झाकते. एवढीच कविता, एका पानाची. इथे वाढणाऱ्या आपल्या मुलांसोबत ती वाचा. माझ्या मुलीने ती लागोपाठ दोनदा वाचली आणि त्या संध्याकाळी आम्ही ज्या गोष्टी बोललो, त्या आधी कधीच बोललो नव्हतो.

आता पाठबळाबद्दल. तुम्ही योग्य गावात आला आहात. निकोलास कनेलोस यांनी १९७९मध्ये सुरू केलेली आर्ते पुब्लिको प्रेस इथल्याच ह्यूस्टन विद्यापीठात आहे. सँड्रा सिस्नेरोस यांचं 'द हाउस ऑन मँगो स्ट्रीट' पहिल्यांदा याच प्रकाशनाने काढलं, तेव्हा त्यांचं नाव फारसं कुणाला माहीत नव्हतं. पुढे त्या पुस्तकाच्या लाखो प्रती खपल्या. शहराच्या पहिल्या राजकवी ग्वेंडोलिन झेपेडा यांची पुस्तकंही इथलीच.

टोनी डियाझ यांनी १९९८मध्ये 'नुएस्त्रा पालाब्रा' ही लॅटिनो लेखकांची संस्था सुरू केली तीही इथेच. अ‍ॅरिझोनातल्या एका कायद्यामुळे २०१२च्या जानेवारीत टूसॉनच्या शाळांमधले मेक्सिकन-अमेरिकन अभ्यासाचे वर्ग बंद झाले आणि वर्गातली पुस्तकं खोक्यांत भरून नेण्यात आली. मार्चमध्ये डियाझ आणि त्यांचे सोबती ह्यूस्टनहून बसने निघाले. सॅन अँटोनियो, एल पासो, आल्बुकर्की करत, वाटेत वाचनं घेत, तीच पुस्तकं घेऊन ते टूसॉनला पोचले. स्वतःला ते 'लिब्रोत्राफिकान्ते', म्हणजे पुस्तकांचे तस्कर, म्हणवून घेत. २०१७मध्ये केंद्रीय न्यायालयाने त्या बंदीमागे वांशिक आकस होता असा निकाल दिला. पुस्तकासाठी एवढा प्रवास करणारी माणसं आपल्या शहरात आहेत, याचा मला फार अभिमान वाटतो.

तुम्ही करण्यासारखं सर्वात उपयोगी काम म्हणजे पुस्तक विकत घेणं, आणि तेही कार्यक्रमात, लेखकाच्या हातून. कवितासंग्रहाच्या आवृत्त्या लहान असतात, मानधन नावापुरतं असतं. लेखकाला स्वतःच्या प्रती सवलतीत मिळतात, त्यामुळे टेबलावरून घेतलेल्या प्रतीतले जास्त पैसे त्याच्या हाती राहतात. दुसरं, वाचनालयाकडे पुस्तकाची मागणी नोंदवा. लोकांनी मागितलेल्या पुस्तकांचा विचार खरेदी करताना होतो, आणि अर्जाला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत.

मुलांच्या शाळेत किंवा आपल्या मराठी मंडळात कवीला बोलवायचं असेल तर जरूर बोलवा, पण मानधन आधी ठरवा. 'तुमची प्रसिद्धी होईल' असं म्हणून फुकट बोलावणं मला अजिबात पटत नाही. ढोलताशाच्या पथकाला आपण पैसे देतोच ना? आणि बोलवायचं ते फक्त १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या हिस्पॅनिक वारसा महिन्यातच नव्हे. त्या महिन्यात या लेखकांना सगळे बोलावतात, फेब्रुवारीत कुणाला आठवण नसते.

मुलं लहान असतील तर ३० एप्रिलच्या सुमारास वाचनालयाचं वेळापत्रक बघा. मुलांचा आणि पुस्तकांचा हा दिवस पॅट मोरा यांच्याच पुढाकाराने १९९७पासून साजरा होतो. कुठल्याही भाषेतल्या मुलांचं तिथे स्वागत असतं, तेव्हा एखादं मराठी पुस्तकही सोबत न्या.