चार वर्षांच्या मुलीसाठी चित्रांचं पुस्तक घेताना ते चांगलं आहे हे कसं ओळखायचं?

दुकानातच एक टेस्ट करा, मजकूर हाताने झाका आणि नुसती चित्रं बघत पानं उलटा, मग नुसता मजकूर वाचा. मजकुरातच सगळं कळलं तर चित्रं नुसती शोभेला आहेत, पुस्तक परत ठेवून द्या. पॅट हचिन्सचं 1968 चं 'रोझीज वॉक' बघा, लिहिलंय एवढंच की कोंबडी फिरायला निघाली आणि जेवायच्या वेळेला परत आली, मागे लागलेल्या कोल्ह्याबद्दल एक अक्षर नाही, तो फक्त चित्रात, त्यामुळे वाचणाऱ्या आईला दिसत नाही ते आपल्याला दिसतंय असं वाटून पोर ओरडायलाच लागतं!

मग पान उलटणं. ही पुस्तकं बहुतेक 32 पानांची असतात, छपाईचा कागद दुमडून पानं होतात म्हणून, त्यामुळे जागा कमी. उजव्या पानावर काहीतरी अर्धवट लटकवून ठेवलेलं असलं, म्हणजे पुढचं कळायला पान उलटावंच लागलं, की समजा लेखकाला काम येतं.

वाक्यं मात्र मोठ्याने वाचून बघाच, जीभ अडखळली तर रोज रात्री तुम्हीच वैतागाल. आणि शेवटच्या पानावर बोध ठोकलेला असेल तर मी तरी घेत नाही (आपल्याकडे अशीच ढिगाने मिळतात).

पणजीजवळ असाल तर आधी पाटोच्या सेंट्रल लायब्ररीत मुलांच्या विभागात घेऊन जा. प्रथम बुक्स या प्रकाशनाच्या स्टोरीवीव्हर वेबसाईटवर मराठी, कोंकणी दोन्ही पुस्तकं फुकट आहेत, पण मोबाईलवर पान उलटायची मजा नाही.