वाचकांचे प्रश्न : बीटमध्ये स्क्रॅच घालायचा, तर आधी काय घ्यावे?

प्रश्न : मी सोलापुरात अशोक चौकाच्या परिसरात राहतो. काही वर्षांपासून संगणकावर एफएल स्टुडिओमध्ये हिप-हॉपचे बीट तयार करतो आणि आमच्या गटातील मुले त्यांवर मराठी, तेलुगू व दखनी रॅप करतात. आता या बीटमध्ये टर्नटेबलवरचे खरे स्क्रॅचिंग घालावे असे वाटते. तयार मिळणारे स्क्रॅचचे तुकडे वापरून पाहिले, पण ते बीटमध्ये मिसळत नाहीत. दोन टर्नटेबल, मिक्सर, सॉफ्टवेअर असे सगळे एकदम घेणे परवडणारे नाही. टप्प्याटप्प्याने घ्यायचे झाल्यास आधी काय घ्यावे? टर्नटेबलऐवजी छोटा डीजे कंट्रोलर चालेल का? — एक वाचक, सोलापूर

उत्तर : दोन टर्नटेबलांचा विचार आपण सोडून द्यावा, एकच घ्यावे आणि त्यातून वाचलेला पैसा चांगला क्रॉसफेडर (आवाज चालू-बंद करणारी आडवी सरकपट्टी) असलेल्या मिक्सरवर खर्च करावा, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. दोन टर्नटेबलांची पद्धत न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात १९७० च्या दशकात रुजली. एका तबकडीवरचा तालाचा तुकडा संपत आला की दुसऱ्या तबकडीवर तोच तुकडा सुरू करायचा आणि नाचणाऱ्यांसाठी ताल अखंड ठेवायचा, ही तेथील डीजेंची गरज होती. कूल हर्क आणि ग्रँडमास्टर फ्लॅश यांचे काम त्यावर उभे राहिले आणि त्याच दशकात ग्रँड विझर्ड थिओडोर याने तबकडी हाताखाली मागेपुढे घासल्यावर निघणारा आवाज वाद्यासारखा वापरायला सुरुवात केली. आपल्याकडे ताल अखंड ठेवण्याचे काम संगणक करतोच आहे. त्यामुळे आपल्याला टर्नटेबल हवे आहे ते केवळ वाद्य म्हणून, आणि वाद्य एकच पुरते.

तयार तुकडे का मिसळत नाहीत, याचे कारण साधे आहे. ते दुसऱ्याच लयीत वाजवलेले असतात, आणि सॉफ्टवेअरने ताणून आपल्या लयीत बसवले की आवाजाची सुरुवातीची धार बोथट होते. मिनिटाला ९० ठोक्यांच्या बीटमध्ये एका ठोक्याचे चार भाग केले, तर प्रत्येक भाग सेकंदाचा फक्त एक षष्ठांश असतो. स्क्रॅचची सगळी करामत एवढ्या लहान अवकाशात घडत असल्याने तो त्याच बीटवर, हाताने वाजवलेला असावा लागतो.

पेटी वाजवताना एक हात पट्ट्यांवर आणि दुसरा भात्यावर असतो, तसेच येथेही दोन्ही हातांची कामे वेगळी आहेत. एक हात तबकडी हलवून आवाज निर्माण करतो आणि दुसरा क्रॉसफेडरने तो आवाज कापतो. बेबी स्क्रॅच नावाचा पहिला प्रकार फेडरला हात न लावताही होतो, परंतु चर्प, ट्रान्सफॉर्मर, क्रॅब हे पुढचे सर्व प्रकार फेडरवरच घडतात. म्हणूनच मी मिक्सरला टर्नटेबलाच्या बरोबरीचे, किंबहुना काकणभर अधिक महत्त्व देतो. फेडर कडेपासून जेमतेम एक-दोन मिलिमीटर सरकताच पूर्ण आवाज सुरू झाला पाहिजे, तो बोटाच्या हलक्या धक्क्याने सरकला पाहिजे, आणि आवाज वाढण्याचा चढ तीव्र किंवा सौम्य करण्याची सोय मिक्सरवर असली पाहिजे. दिशा उलटी करणारे बटण असल्यास उत्तम. त्याला हॅमस्टर स्विच म्हणतात आणि अनेकांच्या हाताला ती उलटी दिशाच सोयीची वाटते. स्वस्त मिक्सरमधील फेडरच्या आत कार्बनच्या पट्टीवर एक संपर्क घासत असतो. ती पट्टी झिजली किंवा तिच्यावर धूळ बसली की खरखर सुरू होते. ज्यात असा घासणारा संपर्कच नाही, असे इनोफेडरसारखे किंवा चुंबकीय फेडर पुष्कळ अधिक टिकतात, आणि बऱ्याच मिक्सरमध्ये जुना फेडर काढून ते बसवताही येतात. आपल्या भागात घराशेजारीच माग चालतात आणि कापसाचे बारीक तंतू हवेत सतत उडत असतात. अशा ठिकाणी हा खर्च चैनीचा मानू नये. वरातीसाठी किंवा मंडपासाठी साउंड भाड्याने देणाऱ्यांकडचा मिक्सर मात्र या कामाला उपयोगाचा नाही, कारण त्यावर बहुधा क्रॉसफेडरच नसतो.

टर्नटेबल डायरेक्ट ड्राइव्हच असावे, यात तडजोड नको. बेल्टवर चालणाऱ्या यंत्रात मोटर आणि फिरती थाळी यांच्यामध्ये रबरी पट्टा असतो. हाताने तबकडी रोखली की तो घसरतो किंवा ताणतो, आणि हात सोडल्यावर थाळी पुन्हा वेगात यायला वेळ घेते. डायरेक्ट ड्राइव्हमध्ये थाळी थेट मोटरच्या अक्षावर असते. टेक्निक्स कंपनीचे एसएल-१२०० हे यंत्र १९७२ मध्ये घरगुती श्रोत्यांसाठी बाजारात आले होते आणि १९७९ च्या एमके-२ आवृत्तीनंतर ते डीजेंचे प्रमाण यंत्र ठरले, ते याच गुणामुळे. एमके-२ चा सुरुवातीचा टॉर्क, म्हणजे थाळी फिरवण्याचा जोर, सुमारे १.५ किलोग्रॅम-सेंटीमीटर होता. आज पायोनियरचे पीएलएक्स-१००० यासारखी यंत्रे त्याच्या जवळपास तिप्पट टॉर्क देतात, आणि तो कमी-अधिक करण्याची सोय असलेली यंत्रेही मिळतात. टेक्निक्सच हवे असा आग्रह धरण्याचे कारण आता उरलेले नाही. टॉर्क भरपूर, थाळी जड आणि हात सुटताच तबकडी क्षणात वेगात येते, एवढे तपासावे. तबकडीखाली रबरी चटई न ठेवता निसरडी स्लिपमॅट ठेवावी, म्हणजे वरची तबकडी हाताने थांबली तरी खालची थाळी फिरत राहते. स्लिपमॅटखाली तबकडीच्या आतल्या पातळ प्लास्टिक पाकिटाचा गोल कापून घातल्यास घर्षण आणखी कमी होते. यासाठी वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही.

सुईच्या बाबतीत एक चूक फार होते. संगीत ऐकण्यासाठी उत्तम मानली जाणारी लंबवर्तुळाकार टोकाची सुई लोक स्क्रॅचसाठी घेतात, आणि ती उलट दिशेला फिरवताना उडते व खाचही खरवडते. स्क्रॅचसाठी गोल टोकाची सुई लागते आणि तिच्यावर साधारण ३ ते ४ ग्रॅम भार ठेवला जातो. शुअरची एम४४-७ ही कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) अनेक वर्षे याच कामासाठी नावाजलेली होती, पण त्या कंपनीने २०१८ मध्ये कार्ट्रिजचे उत्पादन बंद केले. आता ऑर्टोफोनची कॉन्कॉर्ड मालिकेतील स्क्रॅचसाठीची कार्ट्रिज आपल्याला पुरेल. यंत्र मांडताना ते नव्वद अंशांत वळवावे, म्हणजे सुईचा दांडा पलीकडच्या बाजूला जातो आणि हात त्याला लागत नाही.

कंट्रोलरबद्दल आपण विचारले आहे. न फिरणाऱ्या छोट्या चकत्यांच्या कंट्रोलरवर स्क्रॅचचा आवाज निघतो आणि फेडरचा हात तयार करण्यासाठी तो वाईटही नाही. पण हाताखाली फिरती थाळी नसल्याने तबकडी सोडून देणे आणि पुन्हा पकडणे ही अर्धी कला त्यावर शिकता येत नाही. रेन वन किंवा पायोनियरचे डीडीजे-रेव्ह७ यांसारख्या मोटरच्या थाळ्यांच्या कंट्रोलरवर ही उणीव बरीचशी भरून निघते, मात्र त्यांत दोन्ही बाजूंच्या थाळ्यांचे पैसे मोजावे लागतात आणि आपल्याला तर एकच हवी आहे.

आता ज्या भागाबद्दल मला सर्वांत अधिक सांगावेसे वाटते, तो म्हणजे घासायचे काय. यासाठी टाइमकोडची तबकडी वापरली जाते. तिच्यावर गाणे नसते, तर एक अखंड स्वर कोरलेला असतो. सेराटो या डीजे सॉफ्टवेअर कंपनीच्या तबकडीवर तो १००० हर्ट्झचा आहे. त्या स्वराच्या उंचीवरून वेग आणि डाव्या-उजव्या वाहिन्यांतील फरकावरून दिशा ओळखून सॉफ्टवेअर आपल्या संगणकातील कोणताही आवाज त्याप्रमाणे मागेपुढे हलवते. सेराटो आणि रेन यांची ही प्रणाली २००४ मध्ये आली. मिक्स (Mixxx) नावाचे मोफत सॉफ्टवेअरही टाइमकोड वाचते, त्यामुळे सुरुवातीला सॉफ्टवेअरवर पैसे घालवण्याची गरज नाही. आपले साउंड कार्ड टर्नटेबलाचा संकेत आत घेईल आणि आवाज मिक्सरकडे बाहेर देईल एवढ्या वाहिन्यांचे असले म्हणजे झाले. याचा अर्थ असा की, ज्या परदेशी तबकड्यांवरचे तेच ते आवाज जगभर घासले जातात, त्यांवर आपण अवलंबून राहत नाही. हलगीवरची एक कडक थाप, मागाचा खटका, गड्ड्याच्या यात्रेतील विक्रेत्याची लांबलेली हाक, आपल्याच गटातील मुलाने तेलुगूत उच्चारलेला एखादा शब्द, यांपैकी काहीही आपण मोबाइलवर नव्हे तर बऱ्या मायक्रोफोनवर नोंदवून घासू शकता. ज्या आवाजाची सुरुवात टोकदार आणि मधला भाग भरीव असतो तो स्क्रॅचमध्ये खुलतो. त्या दृष्टीने हलगी मला फार समर्थ वाटते आणि कोणीतरी हे मनापासून करावे अशी माझी इच्छा आहे.

ध्वनिमुद्रण करताना मिक्सरमधून फक्त स्क्रॅचचा आवाज साउंड कार्डात न्यावा आणि एफएल स्टुडिओत स्वतंत्र ट्रॅकवर घ्यावा. बीट हेडफोनवर ऐकावा, तो मिक्सरमध्ये परत आणू नये, अन्यथा दोन्ही आवाज कायमचे एकत्र होतात. साउंड कार्डाचा बफर १२८ नमुन्यांवर ठेवल्यास ४४.१ किलोहर्ट्झला आवाजाच्या विलंबात त्याचा वाटा सुमारे ३ मिलिसेकंदांचा राहतो, जो हाताला जाणवत नाही. तो १०२४ वर राहिला तर २३ मिलिसेकंद होतात आणि हात नेहमी ठोक्याच्या मागे पडतो. साधी तबकडी घासताना टर्नटेबलाची वायर मिक्सरच्या फोनो जोडणीतच लावावी, कारण सुईतून येणारा संकेत काही मिलिव्होल्टचाच असतो, आणि ग्राउंडची बारीक तार जोडायला विसरू नये. घूं असा आवाज येत असेल तर कारण बहुधा तीच असते.

तेव्हा क्रम असा धरावा: पहिल्या टप्प्यात डायरेक्ट ड्राइव्ह टर्नटेबल, गोल सुई आणि दोन वाहिन्यांचा स्क्रॅच मिक्सर, आणि दुसऱ्या टप्प्यात टाइमकोडची तबकडी व आपल्याजवळचे साउंड कार्ड अपुरे ठरल्यास नवे कार्ड. मधल्या काळात एखादी स्क्रॅचसाठीची साधी तबकडी सरावाला पुरते. तिच्या लेबलवर चिकटपट्टीची खूण करावी. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगात एक फेरा १.८ सेकंदांचा असतो, म्हणजे मिनिटाला १०० ठोक्यांच्या बीटमध्ये ती खूण बरोबर तीन ठोक्यांनी परत येते, आणि डोळ्यांनाही लय कळू लागते.

प्रश्न : आमच्या घरी आजोबांचा जुना रेकॉर्ड प्लेअर आणि अभंगांच्या व नाट्यगीतांच्या तबकड्या आहेत. मुलाला स्क्रॅचिंग शिकायचे आहे. त्यासाठी हे वापरता येईल का? — एक वाचक, पंढरपूर

उत्तर : कृपया वापरू देऊ नये. घरगुती प्लेअरची मोटर आणि सुईचा दांडा हाताचा जोर सहन करण्यासाठी बनवलेले नसतात, आणि तबकडीचे नुकसान तर भरून न येणारे असते. एकाच जागी सुई मागेपुढे फिरल्यावर तेथील खाच झिजते आणि पुढे प्रत्येक वेळी तेथे खरखर ऐकू येते. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या बहुतेक लाखेच्या असतात. त्या सहज फुटतात आणि त्यांची खाच रुंद असल्याने आजची सुई त्यांना चालतही नाही. त्या तबकड्या जाणकाराकडून संगणकावर उतरवून घ्याव्यात, आणि मुलाने ते आवाज टाइमकोडच्या तबकडीने घासावेत. फक्त ते प्रसिद्ध करण्यापूर्वी हक्कांचा विचार करावा. आपल्या १९५७ च्या कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे राहतो, आणि गीतकार व संगीतकार यांचे हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वतंत्रपणे चालू असतात. संतांच्या अभंगांचे शब्द मुक्त आहेत, पण त्यांना दिलेली चाल मुक्त असेलच असे नाही.

प्रश्न : जपानमधून आलेले वापरलेले टेक्निक्स मिळत आहे. घ्यावे का? आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात तबकड्या कशा जपाव्यात? — एक वाचक, विजापूर रोड, सोलापूर

उत्तर : जपानमधील विक्रीची यंत्रे १०० व्होल्टवर चालतात. ते थेट आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये लावल्यास जळेल. व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लावावा. वेग क्वार्ट्झने नियंत्रित असल्याने आपल्या विजेच्या ५० हर्ट्झ वारंवारितेचा त्यावर परिणाम होत नाही. घेण्यापूर्वी सुईचा दांडा हलक्या हाताने हलवून त्याच्या सांध्यात ढिलाई नाही ना, हे पाहावे आणि पिचची (वेग कमी-अधिक करण्याची) पट्टी शून्यावर आणून वेग स्थिर राहतो का, हे तपासावे. तबकड्या उभ्या ठेवाव्यात, पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत ठेवू नयेत, आणि एप्रिल-मेमध्ये उभ्या केलेल्या मोटारीत तर तासभरही विसरू नयेत, कारण विनाइल तेवढ्या उष्णतेत मऊ पडून वाकते आणि वाकलेल्या तबकडीवर सुई टिकत नाही.