दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला क्वेचुआ भाषकांचा जिल्हा कसा असतो? तिथले लोक अजूनही जगापासून तुटलेले आहेत का?

तुटलेले तर अजिबात नाहीत. पेरूतल्या कुस्को शहरात काही काळ राहून आल्यामुळे, मला जवळून बघता आलेल्या चिंचेरो जिल्ह्याबद्दलच सांगतो. पेरूत ‘जिल्हा’ म्हणजे प्रांताचा छोटा भाग, आपल्या तालुक्याहूनही लहान. चिंचेरो उरुबांबा प्रांतात येतो आणि कुस्कोहून जेमतेम तीस किलोमीटरवर आहे. उंची सुमारे ३,७६० मीटर, म्हणजे लेहपेक्षाही जास्त. पहिल्या दिवशी चार पायऱ्या चढलात तरी धाप लागते.

तिथलं सगळं जगणं या उंचीवर बेतलेलं आहे. खाली उरुबांबा नदीच्या खोऱ्यात मका पिकतो. चिंचेरोच्या पठारावर मुख्यतः बटाटा, शिवाय ओका आणि ओयुको ही त्यांची कंदपिकं, बाकला, बार्ली. त्याहून वर गवताळ माळ आणि मेंढ्या. शेतजमिनी समाजाच्या, म्हणजे आयल्यूच्या, फेरपालटाने वापरल्या जातात: एका पट्ट्यात एक वर्ष बटाटा, मग दुसरी पिकं, मग काही वर्षं पड. कुठला पट्टा कधी कसायचा हे सगळे मिळून ठरवतात. लावणी-काढणीला आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या. याला ते आयनी म्हणतात, आपल्याकडच्या सावडीसारखंच.

जून-जुलैत रात्री कडक थंडी आणि दिवसा भाजणारं ऊन. यावर त्यांनी जी युक्ती काढली तिला मी तरी तोड बघितलेली नाही. बटाटे रात्री उघड्यावर पसरतात, ते गोठतात. दिवसा उन्हात सैल पडले की पायांनी तुडवून पाणी काढतात, आणि असं काही दिवस चालतं. वाळून झालेला चुन्यो वर्षानुवर्षं टिकतो. वाहत्या पाण्यात भिजवून पांढरा केला की मोराया. चव? सवय लागते.

गावात इंका राजा तुपाक युपान्कीच्या वाड्याच्या दगडी भिंती आहेत आणि त्यांच्यावरच स्पॅनिशांनी बांधलेलं चर्च. पण चिंचेरोची खरी ओळख विणकाम. कमरेला पट्टा बांधून ताणायचा माग, कोचिनियल किड्याचा लाल रंग, आणि ‘लोरायपू’ नावाची खास इथलीच नक्षी. ही कला विसरली जाऊ नये म्हणून चिंचेरोच्याच निल्डा काल्यान्याउपा यांनी १९९६ मध्ये कुस्कोत पारंपरिक वस्त्रकला केंद्र उभारलं. पर्यटकांसमोर मात्र प्रत्येक अंगणात तोच कार्यक्रम: किडा तळहातावर चिरडून ओठाला लावायचा आणि लिपस्टिकचा विनोद करायचा. दुसऱ्यांदा ऐकताना कंटाळा येतो. पण त्यावर घर चालतं, त्यामुळे तक्रार करायला तोंड नाही.

भाषेचं म्हणाल तर २०१७ च्या जनगणनेत पेरूतल्या ३७-३८ लाख लोकांनी क्वेचुआ मातृभाषा सांगितली. चिंचेरोत आजी क्वेचुआत विचारते आणि नातवंडं स्पॅनिशमध्ये उत्तर देतात, हे मी अनेक घरांत पाहिलं. शाळा, नोकरी, फोन सगळं स्पॅनिशमध्ये असल्यावर दुसरं काय होणार?

‘तुटलेले’ का नाहीत, याचं सगळ्यात ठोस उत्तर पाणी आणि विमानतळ. जिल्ह्यातल्या पिउराय तलावातून कुस्को शहराला पाणी जातं, त्यावरून जुना वाद आहे. आणि यानाकोनासह काही समाजांच्या शेतजमिनीवर आंतरराष्ट्रीय विमानतळाचं काम सुरू आहे. २०१९ मध्ये पुरातत्त्वज्ञ आणि इतिहासकारांनी त्याला जोरदार विरोध केला. गावात मतं दुभंगलेली आहेत: कुणाला जमिनीचे पैसे मिळाले, कुणी हॉटेलचे मजले चढवतोय, कुणाला तलावाची काळजी. बाहेरच्यांनी ‘त्यांची संस्कृती वाचवा’ म्हणणं सोपं आहे. कुस्कोला शिकायला जाणाऱ्या तिथल्या मुलाला रस्ता आणि रोजगारही हवाच असतो.

जाणार असाल तर रविवारी जा, त्या दिवशी मोठा बाजार भरतो. खालच्या खोऱ्यातून आलेला मका आणि वरचा बटाटा यांची पैशांशिवाय अदलाबदल अजून बघायला मिळते. आधी एक-दोन दिवस उरुबांबा गावात काढा, ते सुमारे ९०० मीटर खाली आहे. डोकं दुखण्याची शक्यता कमी होते.