चढाईआधीचा हिशेब

मे महिन्याच्या मोहिमांची तयारी सुरू झाली की ठाण्या-नवी मुंबईतून पत्रं येऊ लागतात. या वेळी बहुतेकांनी आकड्यांबद्दलच विचारलं आहे. मी शाळेत गणित शिकवतो आणि सुट्टीत हिमालयात जातो, म्हणून हे प्रश्न मला फार जवळचे वाटतात. विरळ हवेत डोकं नीट चालत नाही. तिथे लागणारे हिशेब इथेच, समुद्रसपाटीवर, पोटभर जेवून आणि नीट झोपून करायचे असतात.

प्रश्न : मी घोडबंदर रोडला राहतो, आयटीत आहे. एव्हरेस्ट बेस कॅम्पला जायचंय, पण रजा मोजकीच आहे. एका आयोजकाने लुक्लाहून, म्हणजे जिथून चालायला सुरुवात होते तिथून, पाचव्या मुक्कामाला गोरक्षेपला (बेस कॅम्पआधीचा शेवटचा मुक्काम) पोहोचवतो असं सांगितलंय. मी रोज ५ किमी धावतो. जमेल का?

पाय पोहोचतील. रक्त आणि फुफ्फुसं पोहोचतीलच, याची खात्री मी देणार नाही. ३००० मीटरच्या वर झोपण्याची उंची रोज साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक मुक्काम त्याच उंचीवर करावा, असा डॉक्टरांचा सर्वमान्य संकेत आहे. दिवसा कितीही वर जा, हिशेब झोपण्याच्या उंचीचा धरायचा.

आता कागद घ्या. गोरक्षेप ५१६४ मीटर. त्यातून ३००० वजा केले की उरले २१६४. भागिले ५००, म्हणजे ४.३. रात्र अर्धी मोजता येत नाही, म्हणून ५. त्यात दोन थांबे मिळवा, झाल्या ७ रात्री. थांबे कुठे, तेही आकडेच सांगतात. फाकडिंग २६१० वरून नामचे ३४४० : उडी ८३० मीटरची, म्हणून नामचेला दोन रात्री. तेंगबोचे ३८६० वरून दिंगबोचे ४४१० : ५५० मीटर, म्हणून तिथेही दोन. मग लोबुचे, मग गोरक्षेप. नामचेपासून मोजा, बरोबर सात होतात. शेर्पा गाइड वर्षानुवर्षं हाच क्रम चालवतात.

फाकडिंगची रात्र धरून पाचव्या मुक्कामाला गोरक्षेप म्हणजे हे दोन्ही थांबे आणि वर आणखी एक मुक्काम कापलेला असणार. धावण्याच्या सरावाने ही कसर भरून निघत नाही. उलट तंदुरुस्त माणूस भरभर चढतो आणि डोकेदुखी अंगावर काढतो, हे मी अनेकदा पाहिलंय. डोकं दुखतंय, मळमळतंय, तर त्या दिवशी वर जायचं नाही. चालताना तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर रात्र असली तरी खाली उतरायचं. रजा वाढत नसेल तर यंदा चार हजारांखालचा ट्रेक करा. आयोजकाला मात्र झोपण्याच्या उंचीचा तक्ता लेखी मागा.

प्रश्न : नेरूळहून आम्ही सहा जण लडाखमधल्या सहा हजारी शिखरावर जातोय. वरचे पाच दिवस बर्फावर, वाहतं पाणी नाही. गॅस किती न्यावा? कोणी दहा डबे म्हणतं, कोणी तीस.

या प्रश्नासाठी तुमचे आभार, कारण याच हिशेबात मी एकदा चुकलो होतो. निघण्यापूर्वी नौपाड्यातल्या आमच्या गच्चीवर स्टोव्ह पेटवून एक लिटर पाणी उकळायला किती गॅस लागतो ते वजन करून मोजलं आणि दिवसांनी गुणलं. चौथ्या दिवशी संध्याकाळी शेवटचा डबा फुरफुरून बंद पडला. मी मोजलं होतं नळाचं पाणी, २८ अंशांचं. वर हातात होता बर्फ.

एक किलो बर्फ उणे १० अंशांवरून शून्यावर आणायला ५ किलोकॅलरी लागतात. पण शून्याचा बर्फ शून्याचं पाणी व्हायला ८० लागतात, आणि तेवढ्यात तापमान एका अंशानेही वाढत नाही. वितळण्याची ही उष्णता आपण शाळेत पाठ करतो आणि विसरतो. त्या उंचीवर पाणी ८२ अंशांच्या आसपास उकळतं, म्हणजे उकळायला आणखी ८२. एकूण १६७. गच्चीवर लागले होते ७२.

तुमचा हिशेब असा. माणशी रोज ४ लिटर, म्हणजे सहा जणांचे २४. सगळं वितळवायचं : २४ गुणिले ८५, म्हणजे २०४०. निम्मं चहा, सूप, जेवणासाठी उकळायचं : १२ गुणिले ८२, म्हणजे ९८४. बेरीज सुमारे ३००० किलोकॅलरी. एक किलो गॅसमध्ये साधारण ११,००० असतात, पण वाऱ्यात पातेल्यापर्यंत जेमतेम तिसरा हिस्सा पोहोचतो असं धरा. म्हणजे जाळायचे ९०००, रोज सुमारे ८२० ग्रॅम. पाच दिवस अधिक वादळात अडकल्यास दोन, असे सात दिवस धरले तर ५.७ किलो. २३० ग्रॅमचे २५ डबे.

दोन गोष्टी जवळून सांगतो. ताजा भुसभुशीत बर्फ पातेल्यात शिगोशीग भरला तरी खाली दोन बोटं पाणी होतं, म्हणून पातेलं भरत राहणं हे एका माणसाचं पूर्ण वेळेचं काम आहे. आणि तळाशी थोडं पाणी ठेवूनच बर्फ टाका. कोरडा बर्फ टाकला तर तळ करपतो आणि पाण्याला जळका वास येतो, तो चहातही जात नाही. ब्यूटेन शून्याच्या जवळपास वायू व्हायचं थांबतं, म्हणून प्रोपेन मिसळलेले डबे घ्या आणि रात्री स्लीपिंग बॅगमध्ये ठेवा. विमानात डबे नेता येत नाहीत, लेहमध्येच घ्यावे लागतील. बंद तंबूत स्टोव्ह कधीही पेटवू नका, कार्बन मोनॉक्साइड वासाशिवाय जीव घेतो.

प्रश्न : माझा मुलगा मोहिमेला निघालाय. वर ऑक्सिजनच नसतो म्हणतात. आणि पोरं सोबत तुरीची डाळ घेऊन चाललीत, ती शिजेल का? (एक आई, कोपरी)

ताई, ऑक्सिजनचा वाटा वरही तोच असतो, शंभरात जवळपास २१. कमी होतो तो हवेचा दाब. ५५०० मीटरवर तो आपल्या ठाण्यातल्या दाबाच्या निम्मा असतो, एव्हरेस्टच्या माथ्यावर एक तृतीयांश. एका श्वासात छाती तेवढीच फुगते, पण आत जाणारा ऑक्सिजन निम्मा. शरीर हळूहळू जोरात श्वास घ्यायला आणि तांबड्या पेशी वाढवायला शिकतं. त्यासाठीच दिवस द्यावे लागतात, आणि मुलाने ते दिवस धरलेत का, हे तुम्ही नक्की विचारा.

डाळीचं म्हणाल तर ५००० मीटरवर पाणी ८३ अंशांच्या सुमारास उकळतं. उघड्या पातेल्यात तूरडाळ तासन्‌तास टणक राहील. कुकर न्यावा. घरी कुकरच्या आत १२० अंशांपर्यंत तापमान जातं. तिथे बाहेरचा दाबच निम्मा, त्यामुळे ११२ च्या आसपास. शिट्ट्या दीडपट ते दुप्पट घ्यायला सांगा. त्यापेक्षा मूग डाळ द्या. लवकर शिजते, गॅस वाचतो.

प्रश्न : आमची इमारत २२ मजल्यांची. जिन्याने सराव चालेल?

उत्तम चालेल. मजला ३ मीटरचा धरला तर तळापासून बाविसाव्यापर्यंत ६६ मीटर. नऊ फेऱ्यांत जवळपास ६०० मीटर चढाई होते. पाठीवर १० किलो घ्या आणि उतरतानाही जिन्यानेच उतरा, मांड्यांची खरी परीक्षा उतारावर असते. पंधरा दिवसांतून एकदा येऊरच्या वाटेवर जा, कारण जिन्याच्या पायऱ्या एकसारख्या असतात आणि डोंगराच्या नसतात.

प्रश्न : मी दहावीत आहे, वर्तकनगर. त्रिकोणमितीचा डोंगराशी खरंच संबंध आहे का?

एव्हरेस्टची उंची त्रिकोणमितीनेच मोजली गेली, आणि कोणी शिखराच्या जवळही गेलं नव्हतं. मोजणीची ठिकाणं सुमारे १७५ किमी लांब, सपाट प्रदेशात होती. तिथून शिखर क्षितिजाच्या वर जेमतेम दोन अंशांवर दिसतं. पण तुझ्या पुस्तकातली जमीन सपाट असते, पृथ्वी नाही. अंतराचा वर्ग भागिले पृथ्वीचा व्यास, हे करून बघ : १७५ गुणिले १७५ भागिले १२,७४२. येतात २.४ किमी! म्हणजे गोलाईमुळे शिखर २४०० मीटर खाली गेल्यासारखं दिसतं. हवेत प्रकाशकिरण वाकतो, त्यामुळे ते पुन्हा सुमारे ३०० मीटर वर उचललं जातं. हे सगळं काढून-घालून कलकत्त्यात सर्वेक्षण खात्यातले गणिती राधानाथ सिकदार यांनी हाताने गणित केलं. १८५६ साली जाहीर झालेली उंची होती २९,००२ फूट, म्हणजे ८८४० मीटर. २०२० साली नेपाळ आणि चीनने जाहीर केलेली उंची ८८४८.८६ मीटर. फरक नऊ मीटरचा. तुझ्या इमारतीच्या तीन मजल्यांएवढा. मला तर आजही वर्गात हे सांगताना अंगावर काटा येतो.

प्रश्न : माथा दिसत असताना परत फिरायचं कसं ठरवायचं? (ऐरोली)

तिथे ठरवायचंच नाही, आदल्या दिवशी ठरवून जायचं. हिशेब उलटा करा. अंधार साडेसहाला. थकव्यासाठी, कोणी घसरलं तर त्यासाठी, दीड तास हातात ठेवा. म्हणजे कॅम्पवर पाचला पोहोचायचं. उतरायला पाच तास. मग दुपारी बारा ही परतीची वेळ, माथा आला असो वा नसो.

आता पुढून तपासा. रात्री दोनला निघालात, १००० मीटर चढायचे आहेत. पहिल्या दोन तासांत २५० मीटर झाले, म्हणजे ताशी १२५. उरलेले ७५० सहा तासांत, दहा वाजता माथा. पण वर जाताना वेग पडतोच. ताशी १०० धरा : साडेसात तास, साडेअकरा. अर्धाच तास शिल्लक. एखाद्या दोरावर रांग लागली, कोणाचं क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे लोखंडी काटे) सुटलं, की तो संपला. म्हणून दर तासाला वेग पुन्हा मोजायचा, आणि ते काम पुढे चालणाऱ्याकडे नको, मागच्याकडे द्या.

पांढऱ्या चिकटपट्टीवर पेनाने १२.०० लिहून मी ती डाव्या हातमोज्याच्या मनगटावर लावतो. घड्याळ बघायला बाही वर केली की आधी तीच दिसते. गेल्या खेपेला ११.५० ला माथा वर दिसत होता, दीडशे मीटर असेल. आमच्यातल्या सर्वांत तरुण मुलाने माझं मनगट धरून पट्टी वाचली, काही बोलला नाही, आणि दोर उलटा घ्यायला लागला.