एकाला लढाई हवी, दुसरीला गप्पा

प्रश्न : आमचा डंजन्स अँड ड्रॅगन्सचा (प्रत्येकाने एकेक पात्र होऊन कल्पित साहसं खेळायच्या खेळाचा) गट ५ जणांचा आहे, त्यात मी डीएम, म्हणजे सूत्रधार : गोष्ट सांगणं आणि शत्रू, दुकानदार वगैरे खेळवणं माझ्याकडे. दोघांना लढाईशिवाय काही नको असतं. एकीला प्रत्येक दुकानदाराशी अर्धा तास बोलायचं असतं. चौथा जवळजवळ गप्पच असतो. कोणाचंही मन राखायला गेलं की बाकीचे मोबाइल काढतात. काय करावं?

आधी मोजा. पुढची दोन सेशन्स (खेळाच्या बैठका) स्टॉपवॉच लावून लढाई, संवाद आणि शोधाशोध यांना किती मिनिटं गेली ते कागदावर टिपा. आकडे बहुधा अपेक्षेपेक्षा वेगळे निघतील. ४ खेळाडू आणि डीएम, प्रत्येकाच्या पाळीला ३ मिनिटं धरली, तर एक राउंड (सगळ्यांची एकेक पाळी) १५ मिनिटांचा होतो. ४ राउंडची लढाई म्हणजे तास गेला. (खेळातल्या जगात तेवढ्यात २४ सेकंदच झालेली असतात, कारण तिथला राउंड ६ सेकंदांचा.) त्या तासात प्रत्येक खेळाडूच्या वाट्याला स्वतःची १२ मिनिटं येतात, उरलेली ४८ तो नुसता बसून असतो. दुकानातल्या अर्ध्या तासाचा राग येतो तोही याच कारणाने. संवाद कोणाला नकोसा नसतो. तिघांना तिथे करण्यासारखं काही नसतं, दुखणं ते आहे.

म्हणून ‘एक लढाई, मग एक संवाद’ अशी वाटणी करू नका. त्यात प्रत्येक जण आपली पाळी येईपर्यंत कंटाळतो. एकाच प्रसंगात दोन-तीन प्रकारची कामं ठेवा. समजा, किल्ल्याचं फाटक ४ राउंडमध्ये बंद होणार आहे. दारात पहारेकरी लढतायत, वरच्या सज्जात त्यांचा घाबरलेला नायक आहे, तो बोलण्याने फुटू शकतो. भिंतीतली साखळी कुठे अडकली आहे हे कोणीतरी शोधायला हवं. लढवय्ये दारात, बोलकी सज्जाखाली, चौथा साखळीपाशी. नायक फुटला तर दोन पहारेकरी शस्त्रं टाकतील, हे तयारी करतानाच ठरवून ठेवा. बोलण्याचा लढाईवर परिणाम होणार नसेल, तर ती पाळी वाया गेल्यासारखीच वाटते.

दुकानातला प्रसंग ६-७ मिनिटांत आवरा. सुरुवातीलाच विचारा, ‘या माणसाकडून तुला काय हवंय?’ ते मिळालं किंवा साफ नकार आला की तिथेच प्रसंग कापा. मध्येच बाकीच्यांकडे वळा : ‘तुम्ही दोघं बाहेर उभे आहात, समोरच्या गल्लीत कोणीतरी तुमच्यावर नजर ठेवून आहे.’

लढाईत ‘आता तुझी पाळी, त्यानंतर तुझी’ असं दोघांना एकदम सांगायची सवय लावा. स्पेलचं (मंत्राचं) वर्णन शोधण्यात जाणारा वेळ यानेच सगळ्यात जास्त वाचतो.

राहिला चौथा. गप्प बसणारा दुःखी असतोच असं नाही, काहींना बघायलाच आवडतं. हे त्याला टेबलावर सगळ्यांसमोर विचारू नका, एकट्याला गाठून विचारा. त्याला बोलायचं असेल, पण जमत नसेल, तर ‘तू काय करतोस?’ हा प्रश्न त्याच्यासाठी फार मोकळा आहे. ‘दारावरची खूण तुझ्या गावची आहे, तिचा अर्थ काय?’ असं नेमकं विचारा. त्याचा पॅसिव्ह परसेप्शन (मुद्दाम न शोधताही गोष्टी टिपण्याची क्षमता : १० अधिक परसेप्शनचा मॉडिफायर, म्हणजे एरवी फाशात मिळवायचा आकडा) चांगला असेल, तर त्याच्या नजरेस पडलेली गोष्ट चिठ्ठीवर लिहून त्यालाच द्या. ती सांगायची की दाबून ठेवायची, हे त्याचं तो ठरवेल.

प्रश्न : एकाने नियमांचा कीस पाडून कॅरेक्टर असं तगडं बनवलंय की लढाई तोच संपवतो. मी राक्षसांचा आर्मर क्लास (एसी, म्हणजे वार लागायला फासा अधिक बोनस मिळून गाठायचा आकडा) वाढवला, तर बाकीचेच वैतागले.

वैतागणारच. त्याचा हल्ल्याचा बोनस ९ आणि इतरांचा ५ धरा. एसी १६ असताना त्याला २० बाजूंच्या फाशावर ७ किंवा जास्त लागतात, म्हणजे ७० टक्के वार लागतात. इतरांचे ५० टक्के. एसी २० केला की तो ५० वर येतो आणि ते ३० वर. दहा वारांत त्याचे पाच लागणार, त्यांचे तीनच. म्हणजे शिक्षा भलत्यालाच झाली.

त्याऐवजी शत्रूंची संख्या वाढवा आणि त्यांना दोन बाजूंनी आणा. एकटा अजस्र राक्षस एका राउंडमध्ये एकदा खेळतो, समोरून चार पाळ्या येतात. तो भयंकर असला तरी बहुधा हरतो. चार मध्यम शत्रू असले, तर तगडा एका वेळी एकाच बाजूला पुरा पडतो आणि दुसरी बाजू इतरांची होते. नुसते हिट पॉइंट (शत्रू किती मार सोसेल तो आकडा) वाढवणं मात्र टाळा. लढाई लांबते, पण कोणाचा वाटा किती हे तेच राहतं.

तगड्याचं कॅरेक्टर फायटर (योद्धा) असेल, तर त्याचं प्रावीण्य स्ट्रेंग्थ (ताकद) आणि कॉन्स्टिट्यूशनच्या (काटकपणाच्या) सेव्हमध्ये (जादू वगैरेंचा परिणाम टाळायला टाकायच्या फाशात) असतं, विझडममध्ये (मनाच्या सावधपणात) मुळात नसतं. तिथे हल्ला केला तर तो अडतो. पण हे क्वचितच वापरा. होल्ड पर्सन या जागीच खिळवणाऱ्या मंत्राखाली तीन राउंड खिळून बसलेला खेळाडू खेळातून बाहेरच असतो. नवी जादुई तलवार कमकुवत कॅरेक्टरच्या हाती लागू द्या. एखादा नियम बदलायचाच असेल, तर तो दोन सेशन्सच्या मधल्या काळात बोलून बदला आणि त्याला कॅरेक्टर नव्याने बांधायची मुभा द्या. भर लढाईत ‘हे चालणार नाही’ म्हणालात, की पुढचा अर्धा तास वाद ठरलेला.

प्रश्न : पँडेमिक (सगळ्यांनी मिळून रोगांच्या साथी रोखायचा बोर्डगेम) खेळताना एक जण सगळ्यांच्या चाली ठरवतो. बाकीचे नुसते प्यादी हलवतात.

सगळी माहिती उघडी असली की सगळ्यात चटपटीत माणूस सगळ्यांच्या वतीने खेळतो, त्यात खोडसाळपणा असतोच असं नाही. हातातले पत्ते झाकून ठेवा. ज्याची पाळी असेल त्याने आधी आपल्या चारही कृतींचा बेत सांगायचा, तोवर इतरांनी तोंड उघडायचं नाही, असं ठरवा. तरीही जमलं नाही तर खेळच बदला. हनाबी या मिळून खेळायच्या पत्त्यांच्या खेळात स्वतःचे पत्ते स्वतःलाच दिसत नाहीत, एकमेकांना द्यायचे इशारेही मोजून ८ टोकनांवर चालतात. तिथे कोणी कितीही हुशार असला तरी त्याला स्वतःच्याच पत्त्यांसाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे बघावं लागतं.